दिनूभाऊचा राजीनामा

रहमानचा दात पडला तो संध्याकाळी, आणि अरबाबाच्या नजरेस आला दुसऱ्या दिवशी सकाळी. मधल्या वेळात उत्तरेश्वरने तो झाकायची खटपट केली, पण पडलेला दात झाकणार कसा? त्यातून रहमान मुळातच हसरा माणूस. अरबाबाने गाडीच्या खिडकीतून विचारलं, "मुँह को क्या हुआ?" तर या शहाण्याने तोंड उघडून दाखवलं.

अरबाब म्हणजे मालक. म्हातारा कतरी, दोह्यात राहायचा आणि दिवसाआड मजऱ्यावर यायचा. मजरा म्हणजे शेत. दुखानला जाणाऱ्या रस्त्यावरून डांबर सोडून गाडी कच्च्याला लागली की सिमेंटच्या ठोकळ्यांची लांबलचक भिंत दिसायची, तोच मजरा. भिंतीबाहेर रेती आणि खडे. आत खजुराची झाडं, काकडीसाठी उभारलेली प्लास्टिकची घरं, शेळ्यामेंढ्यांचा वाडा आणि लसूणघासाचे वाफे. बोअरचं पाणी खारं. वाफ्याच्या कडेला मीठ फुटून पांढरी रेघ उठायची आणि गड्यांच्या टाचा वर्षभर भेगाळलेल्या असायच्या.

उत्तरेश्वर केज तालुक्यातला. अरबाबाच्या जिभेला ते नाव काही पेलवेना, म्हणून त्याचं झालं 'अत्तर'. दिवसभर लेंड्यांत आणि चाऱ्यात वावरणाऱ्या माणसाला अत्तर म्हणून हाक मारायची म्हणजे थट्टाच, पण त्याला आता सवय झाली होती. तो मुकादम होता. म्हणजे विळा त्यालाही चुकला नव्हता. अरबाबाचं म्हणणं गड्यांना आणि गड्यांचं अरबाबाला सांगायचं, एवढं काम जास्तीचं. त्याला अरबी येत होती म्हणावं, तर तसंही नव्हतं. बीडकडची हिंदी, तिला अरबी शब्दांची फोडणी, आणि उरलेलं हातवारे करून. पहिल्याच वर्षी त्याचा पाय पडून काकडीची रोपं मोडली, तेव्हा तो हात जोडून "माफी, माफी" म्हणत राहिला. अरबीत माफी म्हणजे 'नाही'. अरबाब मोडलेल्या रोपांकडे बोट दाखवतोय आणि हा म्हणतोय, नाही, नाही. त्या दिवशी त्याने फार बोलणी खाल्ली.

शेळ्या बघायला आणि गड्यांना रांधायला बाई हवी म्हणून अरबाबाने त्याच्या बायकोचाही व्हिसा काढला होता. तिचं नाव बायडाबाई. पोरगी अंबाजोगाईला मावशीकडे शिकत होती. बायडाबाई शेळ्यांशी, अरबाबाशी आणि सगळ्या गड्यांशी एकाच भाषेत बोलायची, ती म्हणजे मराठी. आणि गंमत अशी, की तिचं सगळ्यांना कळायचं.

आता दात पाडणाऱ्याविषयी. त्याचं नाव अल्लाडिनो, सिंध प्रांतातल्या दादूकडचा. बायडाबाई त्याला दिनूभाऊ म्हणायची. तो तिला अदी म्हणायचा, त्याच्या भाषेत बहीण, आणि उत्तरेश्वरला अदा, म्हणजे भाऊ. पन्नाशीकडे झुकलेला, काटक, कमी बोलणारा. वाकून लसूणघास कापायला लागला की सदरा वर सरकायचा आणि पाठीवरचे आडवे वळ दिसायचे. पहिल्यांदा दिसले तेव्हा बायडाबाईने सरळच विचारलं होतं, "दिनूभाऊ, पाठीला काय झालंय ओ?"

"जम्हूरियत," तो म्हणाला होता.

जम्हूरियत म्हणजे लोकशाही. त्याच्या तरुणपणी, त्र्याऐंशी साली, त्यांच्या मुलखात लष्कराचं राज्य होतं. निवडणुका घ्या म्हणून शेतकरी रस्त्यावर उतरले. गावोगाव फौज घुसली, गोळ्या चालल्या. दिनूभाऊला झेंड्यासकट पकडलं आणि मैदानात लोकांसमोर टिकटीला बांधून कोरडे ओढले. तो हे सांगताना चढून बोलत नसे. विहिरीचं पाणी कुठल्या साली आटलं ते सांगावं तसं सांगायचा.

आणि आता दोन हजार सात साल, पुन्हा लष्कराचंच राज्य. उन्हाळ्यात दिनूभाऊ रजेवर गावी गेला होता, तेव्हा काळे कोटवाले वकील रस्त्यावर होते आणि त्यांच्यामागे गावंच्या गावं. त्याचा धाकटा भाऊ निसार सरकारी शाळेत मास्तर. तो पुढे, हा त्याच्यामागे. दोघांच्या नावाने पोलिसात परचा फाटला, म्हणजे गुन्हा नोंदला गेला. दिनूभाऊ इकडे निघून आला. नोव्हेंबर लागला तशी तिकडे आणीबाणी आली. निसारला शाळेच्या फाटकातून उचलून नेलं.

तिकडे केबल बंद, बातम्या बंद. पण मजऱ्यावरच्या खोलीवर डिश होती आणि तिच्यात बातम्यांचं चॅनल दिसायचं. म्हणून हा उलटा प्रकार सुरू झाला. दिनूभाऊ काम उरकून टीव्हीपुढे बसायचा, मग भिंतीपाशी रेंज लागायची तिथे उभं राहून गावातल्या दुकानात फोन लावायचा. तिथे माणसं जमलेली असायची. कराचीत काय झालं, लाहोरात कुणाला पकडलं, कुठल्या जजाने शपथ घ्यायला नकार दिला, हे त्यांच्याच देशातलं, त्यांना कतारमधल्या शेतावरून कळायचं. एरवी चार शब्दांवर पाचवा न बोलणारा माणूस फोनवर मोठ्यांदा, स्पष्ट, एकेक नाव उच्चारून बोलायचा. बायडाबाई शेळ्यांना पाणी दाखवता दाखवता ऐकायची. "दिनूभाऊचं आकाशवाणी केंद्र लागलं बघा," म्हणायची.

त्या संध्याकाळी बातम्या चालू असताना पडदा काळा झाला. दिनूभाऊने रिमोट दाबून पाहिला, वर चढून डिश हलवून पाहिली. बाकी सगळी चॅनलं दिसत होती. दुबईवरून ते प्रक्षेपण चालायचं, तिथूनच कुणीतरी बंद करायला लावलं असं नंतर कळलं. खाटेवर रहमान चहा पीत होता. रहमान पंजाबातल्या चकवालचा, पाण्याचा टँकर आणि पिकअप चालवायचा. त्याचा थोरला भाऊ फौजेत सुभेदार. फौज आहे म्हणून मुलूख आहे, असं त्याचं साधं मत. तो हसत म्हणाला, "अच्छा हुआ. भौंकना बंद हुआ."

दिनूभाऊने चहाची किटली उचलली आणि त्याच्या तोंडावर हाणली.

अरबाबाने खजुराखाली उभं राहून सगळं ऐकून घेतलं. तो ओरडला नाही. तो ओरडला असता तर उत्तरेश्वरला बरं वाटलं असतं.

"अत्तर," तो म्हणाला, "हिनी सियासा माफी." इथे राजकारण चालणार नाही. पुढचं त्याने त्याच्या मोडक्या हिंदीत सांगितलं. सरकारला कळलं तर मजऱ्यावर पोलीस येतील. आपल्यासारख्या म्हाताऱ्याच्या दारी पोलीस येणं शोभत नाही. "अल्लाडिनो अच्छा आदमी. लेकिन दोनो एक कमरा, एक खाना. या सुलह करेगा, या रूह. तुम पूछो, हमको बोलो. यल्ला."

सुलह म्हणजे समेट, एवढं उत्तरेश्वरला कळत होतं. रूह म्हणजे चालतं व्हा.

दोन दिवस दिनूभाऊ घुम्यासारखा वागला. खोली सोडून चाऱ्याच्या छपरात पथारी टाकली. बकरी ईद जवळ येत होती, मेंढ्यांना चारा जास्त लागत होता, त्यामुळे कापणी जोरात होती. पहाटे धुकं पडायचं, घास ओला असायचा, कापणाऱ्याचे हात गारठून लाल व्हायचे. भारे बांधायचे, पिकअपमध्ये फेकायचे. रहमान गाडीत बसून रुमाल तोंडाला लावून समोर बघत राहायचा, आणि दिनूभाऊ भारा फेकताना गाडीकडे न बघता फेकायचा. एक भारा रहमानच्या काचेवर आदळला.  मध्ये उत्तरेश्वरचा जीव कात्रीत.

तिसऱ्या दिवशी अरबाब यायचा होता. उत्तरेश्वरने मुद्दाम दिनूभाऊच्या शेजारचा वाफा धरला आणि विळा चालवत विचारलं, "दिनूभाऊ, अरबाब को क्या बोलू?"

दिनूभाऊने हातातली मूठ बाजूला ठेवली. "बोल दो अदा, मैं राज़ीनामे को तैयार हूँ."

उत्तरेश्वरचा विळा थांबला. "राजीनामा? पूरा सोच्या क्या?"

"सोच लिया. दो दिन से यही सोच रहा हूँ. अकड़ में क्या रखा है?"

"और घर का?"

"घर का सोचके ही तो कर रहा हूँ."

"पीछे पस्तावा नको हां."

"पछतावा तो अब है. मुझे उसी दिन कर देना चाहिए था."

"देखो," उत्तरेश्वर म्हणाला, "एक बार दिया तो वापस लेने को नहीं आता."

दिनूभाऊला ते लागलं असावं. ताठ होऊन म्हणाला, "राज़ीनामा करके कौन फिरता है? ज़ुबान दी तो दी."

यापुढे काय विचारायचं? उत्तरेश्वरला वाईट वाटलं. परचा, पोलीस हे त्याला ठाऊक होतं. पण भाऊ तुरुंगात, आई म्हातारी, माणसाला इथे राहवत नसेल, असा त्याने आपल्या मनाने हिशेब जुळवला. आणि खरं सांगायचं तर वाईट वाटण्याच्या खाली थोडं बरंही वाटलं. एक गेला म्हणजे रोजची कटकट गेली. माणसाचं मन असंच असतं.

अरबाब आला तेव्हा उत्तरेश्वरने हात बांधून सांगितलं, "अरबाब, अल्लाडिनो शुगल खलास. रूह बलद." काम सोडतोय, मुलखाला जातोय. म्हाताऱ्याने भुवया उंचावल्या. त्याने पुन्हा विचारलं, खरंच तो म्हणाला? उत्तरेश्वर म्हणाला, स्वतःच्या तोंडाने. अरबाबाचा चेहरा उतरला. समेटापेक्षा याला घर बरं वाटतंय म्हणजे आपलं मीठ अळणी ठरलं, असं काहीसं त्याला वाटलं असावं. "तय्यब," ठीक आहे, एवढंच म्हणून त्याने फोन लावला. सरकारी कचेऱ्यांतली कागदोपत्री कामं करणारा त्याचा एक माणूस होता, त्याला मंदूब म्हणत. अल्लाडिनोचा व्हिसा रद्द करायला टाक, तिकीट काढ, असं त्याने मंदूबला सांगितलं आणि गाडीत बसून निघून गेला.

दुपारी बायडाबाई भाकरी थापत होती. ज्वारी दोह्याहून यायची. सगळ्या गड्यांना रोटी आणि या दोघांना भाकरी. उत्तरेश्वर ताटावर बसला, तर ती म्हणाली, "आवं, संध्याकाळच्याला मला त्या रहमानच्या खोलीवर जायचंय."

"कशाला?"

"दिनूभाऊ म्हनाले. राजीनामा करायचाय म्हनं, तर संगं बाई लागती. त्यांच्याकडं तशी रीत हाय. मानूस दुखावला तर त्याच्या दाराव घरची बाई न्यायची. बाई दाराव आली की दुश्मनालाबी नाही म्हनता येत नाही. 'माझी घरची बाई हितं कोन हाय, अदी, तूच चल,' म्हनाले. डोळ्यात पानी होतं वं त्यांच्या."

उत्तरेश्वरचा घास तोंडात तसाच राहिला. "राजीनाम्याला बाई कशाला लागती?"

"मलाबी तेच कळंना. आन् आपल्यात राजीनामा देतेत. हे म्हनायलेत करायचाय. रहमानसंगं करायचाय. दोघांनी मिळून कुनी राजीनामा करतंय का?"

उत्तरेश्वर उठला. तोंडही न धुता तो टँकरपाशी गेला. रहमान चाकाखाली दगड लावत होता.

"रहमान, तुमच्यात राजीनामा मतलब क्या?"

रहमानला आधी यात काही खोच आहे की काय असं वाटलं. मग पडक्या दातातून शिट्टीसारखा आवाज काढत म्हणाला, "राज़ीनामा मतलब सुलह. दो पार्टी राज़ी हो गई, काग़ज़ बन गया. क्यों?"

"और नोकरी छोड़ते वो?"

"वो इस्तीफ़ा."

उत्तरेश्वर तिथेच वाळूत बसला. पेशवाईत 'ध'चा 'मा' झाला म्हणतात. इथे तर अक्षरही बदललं नव्हतं. माणूस म्हणाला होता मी मिटवतो, आणि याने जाऊन सांगितलं होतं तो जातोय. कागद गेला म्हणजे विमान, आणि विमान उतरलं की दारात पोलीस. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

हे दिनूभाऊला जाऊन सांगणं भाग होतं. तो छपरात दाढी करत होता, संध्याकाळच्या तयारीने. धुतलेला सदरा खुंटीला लावलेला. उत्तरेश्वरने उभ्या उभ्याच सांगितलं. सांगताना हिंदी सापडेना, तेव्हा मराठीत सांगितलं. दिनूभाऊला सगळं कळलं. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून तो बसून राहिला.

"परचा है मेरे नाम का, अदा," तो म्हणाला. "एयरपोर्ट पे ही ले लेंगे. मेरी पीठ में अब वो ताक़त नहीं रही." त्याने समोरचा आरसा पालथा घातला.

ज्या माणसाने पाठीवरचे वळ विहिरीच्या गोष्टीसारखे सांगितले होते, तो भ्यायलेला पाहून उत्तरेश्वरला स्वतःची लाज वाटली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बायडाबाईने मात्र वेळ घालवला नाही. ती म्हणाली, "रडून काय हुतंय? आदी रहमानकडं जायचं तर जाऊ. मग अरबाबाकडं. बाईच न्यायची हाय ना? मग एकाच्या दाराव काय आन् दोघांच्या काय."

अरबाब त्या दिवशी रात्री पुन्हा यायचा होता. नव्या तंबूची दोरी बघायची होती. थंडी पडली की तो मजऱ्यावर तंबू ठोकून तिथेच मजलिस भरवायचा, म्हणजे पाहुणे, शेकोटी आणि कॉफी. त्याच्या आधी ही तिघं रहमानच्या खोलीवर गेली. दिनूभाऊ पुढे, डोकं उघडं. बायडाबाई त्याच्या बरोबरीने, डोईवर पदर. उत्तरेश्वर मागे, चपला हातात घेऊन, का ते त्याचं त्यालाही माहीत नव्हतं.

रहमान दारात आला. आधी दिनूभाऊकडे बघून त्याचा जबडा आवळला. मग त्याला बायडाबाई दिसली आणि तो गडबडून गेला. चकवालात असो की दादूत, दारावर आलेली बाई ओळखता येते.

"भरजाई, तुसी क्यों आए? मुझे बुला लेते," तो म्हणाला. भरजाई म्हणजे वहिनी.

बायडाबाई म्हणाली, "रहमान, तुमच्या फौजेचं न् ह्यांच्या पार्टीचं तिकडं काय व्हायचं ते होऊ द्या. हितं एका तव्यावरची रोटी खाता. पडू द्या ह्याच्यावर माती."

दिनूभाऊने वाकून रहमानच्या गुडघ्याला हात लावला. रहमानने त्याला उठवून मिठी मारली, आणि मारताना म्हणाला, "मेरी बात वही है, सुन ले. फ़ौज ना हो तो मुल्क ना हो."

"मेरी भी वही है," दिनूभाऊ म्हणाला.

असा राजीनामा झाला. मग उत्तरेश्वरने रहमानला मंदूबाचं सांगितलं. रहमान हसायला लागला आणि दिनूभाऊकडे बघून हसता हसता थांबला. "चलो," तो म्हणाला. "अरबी मैं बोलूँगा. ये अत्तर बोलेगा तो हम सब का टिकट निकलेगा."

अरबाब तंबूत गालिच्यावर बसला होता, समोर कॉफीची दल्ला, म्हणजे लांब चोचीची किटली. सगळी एकदम दारात उभी पाहून त्याने आत घेतलं. बायडाबाईला बसायला सांगितलं आणि रीतीप्रमाणे छोट्या कपात कॉफी ओतून दिली. टँकर घेऊन हिंडताना रहमान अरबी शिकला होता, तो भराभर सांगायला लागला. राजीनामा हा शब्द तेवढा पुन्हा पुन्हा कानावर येत होता. अरबाब ऐकता ऐकता उत्तरेश्वरकडे बघायला लागला.

उत्तरेश्वरच्याने राहवलं नाही. तो हात जोडून पुढे झाला, "अरबाब, माफी... माफी..."

"शिनू माफी?" म्हातारा कडाडला. काय नाही?

"आना गलतान," उत्तरेश्वरने शब्द शोधून काढला. मी चुकलो. "अल्लाडिनो साफ. आना गलतान, अरबाब." सगळ्यांसमोर त्याने स्वतःच्या कानाला हात लावले. एवढा मोठा बाप्या, मुकादम, कान धरून उभा. बायडाबाईने मान खाली घातली.

अरबाबाला आधी हसू फुटलं. डोळे पुसेपर्यंत हसला. मग तोंड गंभीर करून म्हणाला, "अत्तर, तुम्हारा ज़ुबान ग़लत, ठीक. हमारा ज़ुबान? हम मंदूब को बोला. अब हम बोलेगा, नहीं? बच्चा है हम?" आणि हात झटकला. "खलास."

दिनूभाऊ जमिनीकडे बघत होता. रहमान आणखी काही बोलायला गेला तर अरबाबाने बोटाने गप्प केलं.

बायडाबाईला सगळं बोलणं कळलं नाही, पण खलास कळलं. तिच्या मनात एकच आलं, पदर पसरायचा. आपल्याकडे बाईजवळ यापुढचं मागणं नाही. पण पदर पसरायला दोन्ही हात मोकळे हवेत आणि एका हातात ती कॉफी. म्हणून तिने भरलेला कप, ओठाला न लावता, समोर गालिच्यावर ठेवला.

तिचा हात पदराला जायच्या आतच अरबाब सावरून बसला. त्याची नजर त्या कपावर होती.  रहमानने श्वास रोखलेला दिसत होता.

"इश्रबी," अरबाब म्हणाला. पी.

बायडाबाईने दोन्ही हातांनी पदर पसरला आणि तशीच बसून राहिली.

अरबाबाने तिच्याकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं, मग दाढीवरून हात फिरवला. खिशातून फोन काढला आणि मंदूबशी बोलला. बोलणं थोडंच झालं. मंदूबने कागद सकाळी न्यायला म्हणून गाडीत ठेवले होते. ते परत आणून द्यायला त्याला सांगितलं. फोन ठेवून अरबाबाने स्वतःच्या हाताने कप उचलून बायडाबाईला दिला. या वेळी ती प्याली. कॉफी कडू जहर होती.

बाहेर आल्यावर रहमानने सांगितलं. या अरबांत जुनी रीत आहे. पाहुण्याने कॉफी न पिता खाली ठेवली, तर त्याला काही मागायचं असतं. आणि दारी आलेल्याचा कप तसाच राहिला तर मालकाची अब्रू जाते. "भरजाई को किसने सिखाया?"

"मला कोन शिकीवतंय?" बायडाबाई म्हणाली. "हात मोकळा करायला ठिवला मी."

फुकट मात्र काही सुटत नाही. दुसऱ्या दिवशी अरबाबाने सगळ्यांना बोलावून सांगितलं, यापुढे निरोप रहमान आणेल आणि रहमानच नेईल. अत्तर फक्त काम करेल. उत्तरेश्वरच्या कमरेची गोदामाची किल्ली रहमानच्या कमरेला गेली. इतकी वर्षं मजऱ्यावर काढून, पडक्या दाताच्या ड्रायव्हरकडून "अत्तर भाई, आज उधर वाला वाफा" असं ऐकायचं. पहिले काही दिवस त्याला भाकरी गोड लागेना. बायडाबाई म्हणाली, "किल्ली गेली, मानूस तर हाय ना? मग गप जेवा." 

नोव्हेंबर सरत आला. धुकं दाट पडलं होतं, खजुराचे शेंडे दिसत नव्हते. उत्तरेश्वर आणि दिनूभाऊ शेजारशेजारच्या वाफ्यांत कापत होते. रहमानने पिकअप जवळ आणून लावली. आत रेडिओ चालू होता. काच खाली करून तो म्हणाला, "सुना? जनरल साहिब ने वर्दी उतार दी. अब सिविल सदर हैं."

उत्तरेश्वरने विळा थांबवला. "म्हंजे राजीनामा दिला?"

"नहीं अदा," दिनूभाऊ वाकूनच म्हणाला. "वर्दी उतारी है. कुर्सी नहीं छोड़ी."

रहमानने रेडिओ बारीक केला.

तेवढ्यात दिनूभाऊचा फोन वाजला. तो उठून भिंतीकडे गेला, रेंज लागायची तिथे. पूर्वी तो तिथे उभा राहून बोलायचा. आता चॅनल बंद झाल्यापासून त्याच्याकडे सांगायला काही नव्हतं, नुसता ऐकायचा. बराच वेळ ऐकत राहिला. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"निसार?" उत्तरेश्वरने विचारलं.

दिनूभाऊ वाफ्याच्या कडेला उकिडवा बसला. थांबत थांबत त्याने सांगितलं. बाकीच्या मास्तरांना सोडलं. निसारपुढे पोलिसांच्या साहेबाने दोन कागद ठेवले होते. एक, माझी चूक झाली, पुन्हा जुलूसमध्ये दिसणार नाही, सरकारशी माझं काही भांडण नाही. त्यावर सही केली तर घरी. नाहीतर दुसरा, मास्तरकी सोडतो म्हणून. त्यावर केली तरी घरी.

"मग? राजीनामा किया क्या उसने?"

दिनूभाऊने मान वर केली. त्या प्रकरणानंतर पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि हसता हसताच डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

"कौन सा वाला, अदा? तुम्हारा या हमारा?"

"कोनसा बी."

"दोनों नहीं."

 तोंडावर हात धरून तो तिथेच बसून राहिला. रहमान गाडीत स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या धुक्याकडे बघत होता. उत्तरेश्वरचा ऊर भरून आला. न पाहिलेला माणूस, पण आपल्याच घरातला कुणीतरी ताठ उभा आहे असं त्याला वाटलं. शब्दांच्या वाटेला जायची त्याला आता धास्तीच होती. त्याने आपला वाफा तसाच सोडला आणि दिनूभाऊच्या वाफ्यातला राहिलेला घास कापायला घेतला.